पेपरवर नाव कोणाचे? गुणवत्ता कोणाची?

"आरक्षणवाल्यांचे पेपर कुठे आहेत? सायटेशन किती?" हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. आधी पेपर कसा तयार होतो ते पाहू.

रसायनशास्त्रात रिॲक्शन लावणारा, कॉलम चालवणारा, एनएमआरसाठी रांगेत थांबणारा पीएच.डी.चा विद्यार्थी असतो. पेपरवर त्याचे नाव बहुधा पहिले, गाईडचे शेवटी आणि त्यावर तारा. चर्चा मात्र 'अमुक सरांच्या ग्रुपचे काम' अशीच होते. नावांचा क्रम गाईड ठरवतो. प्रबंधावर सही त्याचीच, शिफारसपत्रही त्याचेच. दाद कोणाकडे मागायची?

विज्ञानात श्रेय आधीच नावाजलेल्याकडे वाहत जाते, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९६८ मध्ये 'मॅथ्यू इफेक्ट' म्हणून मांडले. त्या लेखाचा मोठा आधार होता नोबेल विजेत्यांच्या मुलाखती. त्या हॅरिएट झकरमनने आपल्या डॉक्टरेटसाठी घेतल्या होत्या. लेखावर नाव एकट्या मर्टनचे! तो दोघांच्या नावाने यायला हवा होता, हे मर्टनने पुढे स्वतःच लिहिले.

म्हणजे सायटेशनच्या आकड्यात गाईडचे वजन, लॅबचा पैसा, ओळखीपाळखी सगळे मिसळलेले असते. घराण्यातून पहिल्यांदाच पीएच.डी.पर्यंत पोचलेल्याला यातले काहीच वारशाने मिळत नाही. तरीही त्या आकड्यालाच निव्वळ गुणवत्ता म्हणायचे?

मित्रांनो, लॅबबुकात रोजची नोंद तारखेसह ठेवा. कोणी काय केले आणि नावांचा क्रम काय, हे आधीच लेखी ठरले पाहिजे, ही मागणी संघटनेतून करा. एकट्याने मागितले तर त्याला उद्धट ठरवतात.

जय भीम!