कावळा कोणत्या भाषेत शिवतो?

चित्रपटांविषयी लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. संकलन, छायालेखन, पार्श्वसंगीत यांविषयी जाणकार जे बोलतात ते मी आदराने ऐकतो आणि बहुतांशी विसरतो. सुटीच्या दिवशी चित्रपट पाहावा, दोन दिवस तो डोक्यात घोळत राहिला तर बरा म्हणावा, न राहिला तर गेलेल्या वेळाचा शोक करू नये, एवढाच माझा नियम. या नियमाने गेल्या तीन महिन्यांत पाचएक चित्रपट पाहिले. त्यांतला एकही नवा नव्हे. आमच्याकडे चित्रपट उशिरा पोहोचतो, आणि मास्तर मंडळी त्याच्यापर्यंत त्याहून उशिरा पोहोचतात.

इंदूर-बडोद्याच्या वाचकांसाठी आमचा भूगोल थोडक्यात सांगितला पाहिजे. आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तरेस पैनगंगा आहे. नदीच्या पलीकडे यवतमाळ, अलीकडे आम्ही. १९५६ साली हैदराबाद संस्थानाची फाळणी भाषेप्रमाणे झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे आमच्या जिल्ह्याचे तालुके महाराष्ट्राकडे गेले आणि आम्ही येथेच राहिलो. त्यामुळे एकाच घरातली आत्या महाराष्ट्रात आणि भाचा तेलंगणात, हे येथे नवलाचे नाही. बेला, जैनद, तामसी या भागांत घरोघरी मराठी बोलली जाते. पण चित्रपटगृहात तेलुगू चित्रपट लागतो, क्वचित हिंदी. मराठी चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहावयाचा तर बहुधा नदी ओलांडावी लागते. अलीकडे मुलांच्या हातातल्या फोनने ही नदी पुष्कळ उथळ केली आहे.

पाहिलेल्यांपैकी डोक्यातून न गेलेला चित्रपट मराठी नव्हे, तेलुगू आहे. ३ मार्च २०२३ रोजी प्रदर्शित झालेला वेणू येलदंडी यांचा 'बलगम'. नाव ऐकून हसू नये. निजामाच्या काळात उर्दू शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना या शब्दाने प्रथम खोकलाच आठवला असता. परंतु तेलुगूत 'बलगम' म्हणजे आपली माणसे, आपले पाठबळ. मराठीत त्याला 'गणगोत' म्हणावे, किंवा आनंद यादवांनी कादंबरीच्या नावातून सर्वतोमुखी केलेला 'गोतावळा' हा शब्द वापरावा.

कथा साधी आहे. कोमुरय्या नावाचा मिस्कील म्हातारा गावभर हिंडतो, येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करतो आणि एके दिवशी अचानक मरतो. नातू सायलू कर्जात बुडालेला. लग्नात मिळणाऱ्या हुंड्यावर त्याचा डोळा. साखरपुडा तोंडावर आला असताना आजोबांनी डोळे मिटले याचे त्याला दुःख कमी आणि अडचण अधिक. पुढे क्रियाकर्माचे दिवस सुरू होतात. मृताच्या आवडीचे पदार्थ मांडले जातात, आणि कावळा येत नाही. पुन्हा मांडतात, पुन्हा येत नाही. म्हातारा कशाने अडला आहे, ही कुजबुज गावात सुरू होते.

तो अडला आहे एका हाडकावर. वीसएक वर्षांपूर्वी जेवणाच्या पंगतीत जावई नारायण यास मटणातली नळी वाढली गेली नाही. शब्दाने शब्द वाढला, जावई उठला, बायकोला घेऊन गेला, आणि लक्ष्मीचे माहेर तुटले. ही नळी पाहून मी एकटाच मोठ्याने हसलो. मानपानावरून मोडलेली घरे पाहिली नाहीत असा मराठी माणूस मिळणे कठीण. कोणाला अहेराचे धोतर आखूड आले, कोणाला पंगतीत मागच्या ओळीत बसविले, कोणाच्या पत्रिकेवर नाव राहिले. कारण हाडकाएवढे, आणि वैर दोन पिढ्यांचे. दिग्दर्शकाने ही गोष्ट विनोदाने सांगितली आहे, परंतु विनोदाखाली लक्ष्मी उभी आहे. भाऊ आणि नवरा यांच्या अहंकारात तिचा बाप तिला वीस वर्षे दिसलेला नाही. शेवटी बुर्रकथा गाणारे दांपत्य त्या जमलेल्या माणसांना त्यांचीच कथा गाऊन दाखविते आणि मग जे व्हावयाचे ते होते. हे गाणारे पस्तम मोगिलय्या आणि कोमुरम्मा खऱ्या आयुष्यातही बुर्रकथा गाणारेच. मोगिलय्या डिसेंबर २०२४ मध्ये निवर्तले.

त्या वर्षी तेलंगणात गावोगावी पांढरा पडदा बांधून लोकांनी हा चित्रपट पाहिला. जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून सिनेमा पाहिलेली आमची पिढी. तो प्रकार संपला असे मी समजत होतो. पाहणाऱ्यांत रडत नव्हता असा मनुष्य विरळा. मला स्वतःला शेवट किंचित लांबला असे वाटले, आणि सायलूचे प्रेमप्रकरण काढून टाकले असते तरी काही बिघडले नसते. परंतु हे मत मी घरात मांडले तेव्हा बहुमत माझ्या विरुद्ध गेले.

'बलगम' पाहिल्यावर साहजिकच महेश मांजरेकर यांचा २०१२ सालचा 'काकस्पर्श' पुन्हा काढून पाहिला. उषा दातार यांच्या कथेवरचा हा चित्रपट वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. कोकणातले ब्राह्मण घर, विसाव्या शतकाचा पूर्वार्ध, धाकटा भाऊ महादेव लग्नानंतर लगेच दगावतो, आणि त्याच्या पिंडाला कावळा शिवत नाही. थोरला भाऊ हरी पुढे होऊन काहीतरी पुटपुटतो आणि कावळा शिवतो. काय पुटपुटला, हे उघड होण्यासाठी चित्रपट संपत यावा लागतो. उमेला परपुरुषाचा स्पर्श होऊ देणार नाही, असे ते वचन.

सचिन खेडेकर आणि प्रिया बापट यांची कामे उत्तम आहेत, घर सुंदर आहे, कंदिलाचा उजेड सुंदर आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही हळवा झालो होतो. या खेपेस मात्र एक गोष्ट सारखी टोचत राहिली. वचन देणारा एक, ज्याला दिले तो मृत, आणि ज्या मुलीच्या आयुष्यावर ते द्यावयाचे तिला कोणी विचारलेलेच नाही. केशवपनापासून तिला वाचविणारा हरी थोर आहे खरा. पण त्या थोरपणाची किंमत तीच जन्मभर मोजते, आणि चित्रपट मात्र हरीच्या त्यागाकडे पाहून डोळे पुसतो. 'बलगम'मधला कावळा कोणाकडून गुप्त वचन मागत नाही. तो सर्वांना अंगणात आणून बसवितो आणि एकमेकांकडे पाहावयास लावतो. दोन्ही चित्रपटांत पाखरू तेच, श्रद्धा तीच. मला दुसरा कावळा अधिक शहाणा वाटला.

आपल्याकडे कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववितात. सोय उत्तम आहे. या सोयीने किती नळ्या न वाढताच राहिल्या असतील, कोण जाणे.

आता शाळेतली गोष्ट. नववीच्या मराठीच्या तासाला मी मुलांना 'बलगम'ची कथा आपल्या शब्दांत सांगावयास लावली. सर्वांनी पाहिलेला होता. एक हुशार मुलगा उठला आणि भराभर सांगू लागला. घरी मराठी बोलणारा, मराठी माध्यमात शिकणारा हा मुलगा. जावयाचा मेहुणा त्याच्या तोंडून 'बामर्दी' झाला, आत्या 'मेनत्त' झाली. तेथवर मी काही बोललो नाही. शेजाऱ्याचे शब्द घरात येतात, त्यात दुःख करण्यासारखे काही नाही. आमच्या आज्याही चुलीपाशी तेलुगू शब्द सर्रास वापरीत. मग तो म्हणाला, "सर, कावळ्याने टच केलंच नाही."

मी विचारले, "टच म्हणजे?"

"म्हणजे... हात लावला नाही."

वर्गात हशा पिकला, कारण कावळ्याला हात नसतात. मी फळ्यावर 'शिवणे' लिहिले आणि अर्थ विचारला. बत्तीसपैकी तीस मुलांनी शिंप्याचे यंत्र सांगितले. दोन मुली गप्प होत्या. त्यांतल्या एकीने नंतर सांगितले की तिच्या आजीच्या तोंडी हा शब्द आहे, पण तो चांगला की वाईट हे तिला ठाऊक नव्हते. तिची शंका रास्त होती. 'शिवाशिव' या शब्दात आपल्या समाजाने जे पाप केले आहे ते याच क्रियापदाच्या खांद्यावर आहे, आणि ते मी वर्गाला सांगितले. परंतु हेच क्रियापद मुलांच्या शिवाशिवीच्या खेळातही होते, आणि पिंडाशी उभ्या असलेल्या घराच्या काळजीतही.

या प्रकरणातली खरी गंमत वेगळीच आहे. आमच्या तेलंगणाच्या बोलीत या विधीला 'पिट्ट मुट्टणे' अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. 'पिट्ट' म्हणजे पाखरू, 'मुट्ट' म्हणजे शिवणे. मराठीने आणि तेलुगूने एकाच गोष्टीसाठी एकच कल्पना वापरली आहे. त्या मुलाने 'मुट्टलं नाही' म्हटले असते तर मी आनंदाने शाबासकी दिली असती. त्याने आजीचा शब्द टाकला आणि शेजाऱ्याचाही टाकला. तेलुगूने आपली मराठी खाल्ली, अशी तक्रार मी येथे पुष्कळांच्या तोंडून ऐकतो. मला ती पटत नाही. माझ्या वर्गात तरी 'शिवणे' हा शब्द त्या दिवशी एका तेलुगू चित्रपटामुळे परत आला. मराठी चित्रपटाने नावात 'स्पर्श' हा संस्कृत शब्द घेतला. तो भारदस्त आहे, पण त्याने नववीच्या वर्गात काम झाले नसते.

याच कानाने नागराज मंजुळे यांचा 'सैराट' पुन्हा पाहिला. २९ एप्रिल २०१६ रोजी तो आला तेव्हा महाराष्ट्रातले नातेवाईक म्हणत, पूर्वार्ध बहारीचा, उत्तरार्ध कंटाळवाणा. आमच्याकडे मत उलट पडले. उत्तरार्धात आर्ची आणि परशा हैदराबादेस पळून येतात. आम्हांला हैदराबाद म्हणजे सचिवालय, मोठा दवाखाना आणि नोकरीस लागलेला पुतण्या. कोणी लपावयास तेथे जाईल, ही कल्पनाच मुळी आम्हांला नवी. पण वस्तीतल्या खोलीत, भाषा येत नाही म्हणून गप्प झालेली ती करमाळ्याकडची दांडगी मुलगी, आणि तिला आसरा देणारी छाया कदम यांची सुमनअक्का, हे दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्यास जसे कळते तसे पुण्याच्या प्रेक्षकास कळणार नाही. बुलेट चालविणाऱ्या आर्चीपेक्षा तेलुगूचे चार शब्द जुळवून कामावर जाणारी आर्ची मला अधिक धीट वाटली.

'सैराट'चे छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी. त्यांनीच पुढे २०१८ मध्ये 'नाळ' दिग्दर्शित केला. आंध्रातला हा मनुष्य. त्याने विदर्भातल्या खेड्यातला चैत्या पडद्यावर आणला, आपली आई ही आपली जन्मदात्री नव्हे हे कळल्यावर सैरभैर झालेला. श्रीनिवास पोकळे या मुलाचे काम आणि देविका दफ्तरदार यांची आई, दोन्ही पाहावीत. भाषा आईची की सांभाळणाऱ्या गावाची, हा आमच्याकडचा जुना वाद आहे. 'नाळ' भाषेविषयी नाही, तरी तो पाहताना मला तो वाद आठवत राहिला. यापलीकडे या चित्रपटाविषयी लिहिणे म्हणजे त्याचा हळुवारपणा बिघडविणे होय.

राहता राहिला 'आरआरआर'. मुलांचा आग्रह म्हणून पाहिला. मार्च २०२२ चा हा चित्रपट आमच्या आदिलाबादच्या अरण्यात सुरू होतो आणि त्याचा एक नायक कोमरम भीम. जोडेघाट येथे १९४० साली निजामाच्या पोलिसांशी लढताना पडलेला हा गोंड वीर आमच्या भागाचा. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले तेव्हा एकास त्याचेच नाव मिळाले. चित्रपटातली कथा कल्पित आहे हे मुलांना दोनदा सांगावे लागले. वाघाशी झुंज, पुलावरच्या उड्या वगैरे ठीक. ज्या नाचगाण्याला २०२३ मध्ये ऑस्कर मिळाले ते चित्रित झाले युक्रेनमधल्या राजवाड्यासमोर, याचेही काही नाही. पण भीम पडद्यावर तेलुगू बोलतो. उटनूरच्या बाजारात आजही गोंडी ऐकू येते. साडेतीन तासांचे नसले तरी तीन तासांचे ते प्रकरण, त्यात तिला जागा सापडू नये, हे मला खटकले. मराठीसाठी गळा काढणाऱ्या आम्हां मंडळींना हे खटकत नसेल तर मग बोलणेच खुंटले.

१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रीय पुरस्कारांची यादी जाहीर झाली. 'श्यामची आई'ला मराठीचा पुरस्कार, 'नाळ २'ला बालचित्रपटाचा, आणि 'बलगम'मधल्या गावावरच्या गाण्यासाठी गीतकार कासर्ला श्याम यांना. एकाच यादीत आमचा गोतावळा दोन्ही बाजूंनी बसलेला पाहून बरे वाटले. 'श्यामची आई'विषयी पुढच्या महिन्यात लिहीन. साने गुरुजींचे पुस्तक पाठ असलेल्या मंडळींना तो कसा वाटला हे वाचकांनी कळवावे.

तूर्त आमच्या गावात निराळाच खल चालला आहे. गणपतीत देवळापुढे पडदा बांधून एका रात्री 'नाळ' आणि एका रात्री 'बलगम' दाखवावा, असे तरुण मंडळींनी ठरविले आहे. पडदा, खुर्च्या, वीज, सर्व जुळले. पहिली रात्र कोणत्या चित्रपटाची, यावरून मात्र दोन आळ्यांत मानपान सुरू झाले असून परवाच्या बैठकीतून एक जावई उठून गेले.