घाटातही हवा लष्करी सराव

सुरत-धुळे महामार्गावर विसरवाडीजवळ कोंडाईबारी घाट आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथे खासगी बस पुलावरून कोसळली, प्रवासी दगावले. अशा अपघातात मोठी धमनी तुटली तर जखमीच्या हाती मोजकी मिनिटे उरतात. या मिनिटांत काय करायचे हे लष्करी वैद्यकीय सहायकांना शिकवण्यासाठी काही देशांची सैन्ये व्हर्च्युअल रिॲलिटी वापरतात. डोळ्यांवर हेडसेट चढवला की गोळीबार, आरडाओरडा, विव्हळणारे जखमी. आधी कोणाला गाठायचे ते क्षणात ठरवायचे. हा सराव मोलाचा आहे. मात्र रक्त थांबवणारा पट्टा आवळण्याचा जोर आभासी दृश्यातून अंगी येत नाही, त्यासाठी हातच राबावे लागतात. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या मदतीने सरकारने १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांचे कर्मचारी आणि महामार्गावरील ढाबेवाले यांनाही दोन्ही प्रकारे तयार करावे. सुरुवात विसरवाडीतून व्हावी.