मान वाकडी म्हणजे राणीखेतच?

मा. संपादक,


‘कोंबडी बघून रोग कळत नसेल, तर पोल्ट्री करायचीच कशाला?’ असं गेल्या अंकातल्या पत्रलेखकांनी विचारलंय. चिपळूणजवळ माझी ब्रॉयलरची शेड आहे. मीही असाच बघून ओळखणारा होतो. चोविसाव्या दिवशी पिल्लं पिसं फुगवून कोपऱ्यात बसली, पांढरं हगू लागली. मी छातीठोकपणे राणीखेत ठरवलं. डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू फाडलं आणि शेपटीजवळची सुजलेली बर्सा बोटाने दाखवली. रोग निघाला गंबोरो!

राणीखेत आणि बर्ड फ्लूत तर नजर हमखास फसते. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांना मर लागली, तेव्हाही बरेच जण राणीखेतच म्हणत होते. एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू, सांगितलं ते भोपाळच्या प्रयोगशाळेने. २०२१ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, दापोलीत मेलेल्या कावळ्यांमधल्या बर्ड फ्लूचं निदानही तपासणीतूनच झालं.

नुसती रक्ततपासणीही पुरत नाही, कारण लस टोचलेल्या कोंबडीत प्रतिपिंडं सापडणारच. घशाचे आणि गुदद्वाराचे स्वॅब घेऊन पीसीआर चाचणी केली, तर विषाणूच सापडतो.

नमुना कुंभार्ली घाट चढून पुण्याला औंधला पोचेपर्यंत निम्मी शेड रिकामी होते, ही त्या पत्रलेखकांची तक्रार मात्र रास्त आहे. पण मी स्वतः एकदा बर्फाविना, साध्या पिशवीतून नमुने पाठवले होते. मे महिन्याच्या उकाड्यात तिथे काय पोचलं असेल, ते सांगायला नको.

आपला,
एक कुक्कुटपालक, चिपळूण