राधा बोटीवर गेली, आता गवळण कोण गाणार?

संगीत नाटकातला मुख्य नट मध्येच सोडून गेला की आपण लगेच म्हणतो, ‘आता ती मजा नाही.’ पण गडबड नट जाण्यामुळे होते, की त्याच्या जागी कुणीच तयार नसल्यामुळे?

आमचं गाव नाटे, तालुका राजापूर. ‘नाट्यात नाटक’ हा जोक आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतोय. पण यंदा शिमग्याच्या तोंडावर गावात खरंच नाटक झालं. आमच्या वाडीच्या नमन मंडळात जो मुलगा राधा करतो, त्याला बोटीवरच्या नोकरीचा कॉल आला. आठ दिवसांत मुंबईत हजर व्हायचं होतं. मंडळाने सुपाऱ्या घेतलेल्या, काहींचे अ‍ॅडव्हान्ससुद्धा खर्चून झालेले. आणि नमन बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, गवळणीत राधाच नसेल तर कृष्णाने अडवायचं कुणाला?

रात्री देवळात मीटिंग बसली. ‘आता काय करायचा?’ यावर तासभर चर्चा. कुणी म्हणालं, सुपाऱ्या परत करा. कुणी म्हणालं, त्यालाच थांबवा, नोकऱ्या काय येतात नि जातात. (हे म्हणणारे काका स्वतः पेन्शनवर आहेत!) शेवटी झीलकऱ्यांत मागे उभा राहणारा एकोणीस वर्षांचा पोरगा पुढे आला आणि म्हणाला, “बुवा, मला सगळं पाठ आहे.”

सगळं म्हणजे खरंच सगळं. दोन वर्षं मागे उभा राहून त्याने राधेचा शब्द न् शब्द उचलला होता. पण त्याला ‘तूही तयारी ठेव’ असं कुणी एकदाही म्हटलं नव्हतं.

न्यूयॉर्कमध्येही तेच

तुम्हाला वाटेल, हा वाडीतला प्रश्न झाला. तर आता थेट ब्रॉडवेवर या. एप्रिल २०२२ मध्ये तिथे ‘फनी गर्ल’ हे म्युझिकल नव्याने आलं. मुख्य भूमिकेत बीनी फेल्डस्टीन. समीक्षकांनी तिच्या गाण्यावर बरीच टीका केली. सप्टेंबरमध्ये ती काम सोडणार असं आधी जाहीर झालं होतं, पण ती ३१ जुलैलाच बाहेर पडली. ६ सप्टेंबरपासून तिच्या जागी लिआ मिशेल आली. नाटक पुन्हा तुफान चालायला लागलं आणि सोशल मीडियाने ‘कोण हरली, कोण जिंकली’ हा खेळ मनसोक्त खेळून घेतला.

या गोंधळात तिसरं नाव मागे पडलं, ज्युली बेन्को. ती या भूमिकेची अंडरस्टडी होती, म्हणजे मुख्य नटी नसेल तेव्हा उभं राहण्यासाठी तयार ठेवलेली. ऑगस्टचा अख्खा महिना नाटक तिने ओढलं. लिआ आल्यावरही निर्मात्यांनी दर गुरुवारचा प्रयोग बेन्कोच्या नावावर केला. तोही जाहीर करून. माझ्या मते या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट ही आहे.

धैर्यधर बदलला तेव्हा

आपल्याकडेही हे नवं नाही. ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण याच नाटकाची दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पहिला धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर, किर्लोस्कर नाटक मंडळीचे एक मालक. थोड्याच काळात त्यांचं निधन झालं. नवंकोरं नाटक आणि नायकच नाही!

मग धैर्यधर झाले गोविंदराव टेंबे. ज्यांनी ‘मानापमान’ला संगीत दिलं, तेच. त्यांचं नाव पेटीवादक म्हणून होतं, नट म्हणून नाही. पण नाटकातलं प्रत्येक पद त्यांच्याच हाताखालून गेलेलं. म्हणजे जागा भरली ती आत असलेल्या माणसाने. आमच्या झीलकऱ्यासारखीच.

पुढे १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे असे तिघे किर्लोस्कर मंडळीतून एकदम बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. आजच्या भाषेत अर्धी टीमच फुटली. तरी किर्लोस्कर मंडळी लगेच बंद पडली नाही. नंतर तिथे मिसरूडही न फुटलेले दीनानाथ मंगेशकर आले, गाजले आणि १९१८ मध्ये तेही बाहेर पडले, बळवंत संगीत मंडळी काढायला. थोडक्यात, ज्या काळाला आपण सुवर्णकाळ म्हणतो, त्या काळातही हुकमी नट सोडून जातच होते. फरक इतकाच की कंपनीत माणसं एकत्र राहायची, जेवायची, रोज तालीम करायची. लहान पोरं मोठ्यांचं ऐकत वाढायची. पुढचा नट कंपनीच्या बिऱ्हाडातच तयार होत असे.

पट्टीचा प्रश्न

आता कुणी म्हणेल, गद्य नाटकातही रिप्लेसमेंट होतेच, मग संगीत नाटकाचं एवढं काय? हाच प्रश्न मी आमच्या मृदंगवाल्या काकांना विचारला. ते हसले आणि म्हणाले, “संवाद पाठ करता येतो गो, गळा कसा पाठ करणार?”

म्हणजे काय, तर प्रत्येक गळ्याची आपली पट्टी असते. एकजण काळी एकमध्ये गातो, दुसऱ्याला काळी तीन लागते. माणूस बदलला की ऑर्गनवाल्याला सगळी पदं नव्या पट्टीत बसवावी लागतात, तबला बदलावा लागतो. दोघांचं एकत्र पद असेल तर समोरच्या नटाचाही घसा ताणला जातो. आमच्याकडे जुनी राधा खालच्या सुरात गायची, नवीन राधा वरच्या. मृदंग चढवला, तर कृष्णाचा आवाज फाटायला लागला! शेवटी मधला सूर धरायला चार रात्री गेल्या. शिवाय नुसता सूर जमून चालत नाही. कुठे थांबायचं, टाळी पडल्यावर ओळ पुन्हा कधी घ्यायची, हे प्रयोगातच कळतं.

म्हणून संगीत नाटकात ऐनवेळची रिप्लेसमेंट हा जुगार असतो. ‘संगीत देवबाभळी’चं उदाहरण घ्या. रंगमंचावर दोनच पात्रं, आवली आणि लखुबाई, आणि दोघी लाइव्ह गाणार. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेलं हे नाटक शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी यांच्या गळ्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये पाचशेव्या प्रयोगापर्यंत पोहोचलं. अशा नाटकात एकीचा घसा बसला, तर त्या रात्री काय होईल याचा विचार करा.

मग आता अडतं कुठे?

पैशात आणि तारखांत. व्यावसायिक नाटकात नटाला प्रयोगागणिक पैसे मिळतात, त्याला ‘नाइट’ म्हणतात. प्रयोग नाही, तर नाइट नाही. अशात एखाद्याला मालिकेचं रोजचं काम मिळालं आणि तो गेला, तर त्याला गद्दार म्हणणं सोपं आहे, पण त्याच्या घराचा हप्ता आपण भरणार नसतो. निर्मात्याची बाजूही खोटी नाही. नाट्यगृहाची तारीख कित्येक आठवडे आधी घ्यावी लागते, जाहिरात मोठ्या नावावर होते आणि कदाचित कधीच उभा न राहणाऱ्या दुसऱ्या नटाला तालमीचे पैसे देणं परवडत नाही.

कोकणात याला आणखी एक पदर आहे. आमच्याकडे नट दुसऱ्या मंडळात जात नाही, तो मुंबईला, पुण्याला नाहीतर बोटीवर जातो. गावात पोरगा गायला लागतो तेच नोकरीच्या वयात. म्हणजे नट जाणार हे आधीच ठरलेलं असतं. तरी दर वेळी मंडळ असं दचकतं, जणू पहिल्यांदाच घडतंय.

उपाय आहे, आणि तो आपल्याकडे करून झालेला आहे. २०१६ मध्ये फिरोज अब्बास खान यांनी ‘मुघल-ए-आझम’ रंगमंचावर आणलं तेव्हा अनारकलीसाठी दोघी होत्या, नेहा सरगम आणि पुण्याची प्रियांका बर्वे. आलटून-पालटून दोघी गात होत्या. त्यामुळे ‘खरी अनारकली कोणती’ हा वादच उरला नाही. दोघी खऱ्या. अर्थात ते बड्या बजेटचं काम होतं. वाडीतल्या मंडळाला दोन पगार नाही परवडणार, पण आठवड्यातली एक तालीम दुसऱ्याच्या नावावर करायला पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्या, म्हणजे प्रेक्षकांच्या हातात आहे. नट बदलला असेल तर ते तिकीट काढण्याआधी आपल्याला कळायला हवं, हा आपला हक्क आहे. पण कळल्यानंतर ‘मूळ संचात बघितलंय मी’ असा तोरा मिरवत नव्याला पाच मिनिटांत नापास करायचं, हे थांबवायला हवं. ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब १९६७ मध्ये वसंतराव देशपांडे यांनी उभे केले. २०१० मध्ये ते नाटक पुन्हा आलं तेव्हा नातू राहुल देशपांडे त्या भूमिकेत उभे राहिले. त्यांना कुणी संधीच दिली नसती, तर आपल्या पिढीला ‘कट्यार’ रंगमंचावर ऐकायला मिळाली असती का?

आता आमच्या राधेचं काय झालं ते सांगते. पहिल्या प्रयोगाला ती घाबरलेली होती. मागून कुणीतरी ओरडलं, “जुनी राधा खंय आसा?” पोरगा एक ओळ चुकला, झीलकऱ्यांनी सावरून घेतलं. तिसऱ्या प्रयोगाला मात्र मावशी आणि राधेच्या जुगलबंदीत बायका हसून हसून आडव्या झाल्या. एकही सुपारी परत करावी लागली नाही.

पण एक गोष्ट मला खटकली. तिन्ही प्रयोगांत माइकवरून देणगीदारांची नावं वाचली गेली, सरपंचांचे आभार मानले गेले. नव्या राधेचं नाव कुणी घेतलं नाही. मी बुवांना तसं म्हटलं. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, “राहिलाच खरा.” मे महिन्यात चाकरमानी आले की शेवटचा प्रयोग आहे. त्या दिवशी नाव घेतात का, हे बघायला मी पहिल्या रांगेत बसणार आहे. आणि झीलकऱ्यांत आता मागे कोण उभं आहे, तेही बघणार आहे.