विमानप्रवास : चैन नव्हे, हिशेब

विमानाने फिरणे ही शेठ लोकांची चैन, असा समज आपल्या कारागीर बांधवांत अजून आहे. आम्हांस तो पटत नाही. चिखलोलीच्या एमआयडीसीतील छोट्या कारखानदाराने दिल्ली, कोलकाता, चेन्नई या पेठा रेल्वेने केल्या, तर तीन दिवसांहून अधिक काळ नुसता गाडीत जातो. मालक बाहेर, म्हणजे काम अडते. त्या दिवसांची किंमत तिकिटाशी ताडून पाहावी. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमाने सुटत आहेत.

मात्र खर्चाची शिस्त हवी. तिकीट काढतानाच आपला जीएसटी क्रमांक द्यावा. धंद्याच्या प्रवासावरील कराची वजावट मिळू शकते. परराज्यातील हॉटेलच्या खोलीवरील कर तेथील राज्याचा, तो आपल्याला परत मिळत नाही. जेवणाच्या बिलावरही वजावट नाही. म्हणून खोली स्वच्छ पण साधी, बाजारापासून जवळ घ्यावी. बिले जपावीत, आयकरात धंद्याचा खर्च दाखविता येतो. एकाच दिवशी एकाला दहा हजारांवर रोख दिल्यास तो खर्च धरला जात नाही.

उधळपट्टी नको, तशी आंधळी काटकसरही नको.