ताटांतलें अन्न व वाटेंतलें अन्न

पानांत अन्न टाकूं नये हा आमच्या वसतिगृहाचा जुना दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. घरोघर आईबापही मुलांस हेंच शिकवितात. परंतु ताट स्वच्छ केलें म्हणजे अन्नासंबंधींचें आपलें सर्व कर्तव्य संपलें, अशी जी समजूत मुलांत व मोठ्या माणसांतही दिसते, ती आम्हांस अपुरी वाटते. ताटांत येण्यापूर्वींच जें अन्न वाटेंत नासतें, त्याची काळजी कोणीं वाहावयाची?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०१९ सालीं असा अंदाज दिला कीं, जगांतील अन्नापैकीं किंमतीच्या मानानें सुमारें १४ टक्के अन्न कापणीनंतर, पण दुकानांत पोंचण्याच्या आधींच नष्ट होतें. आपल्या देशांत २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी शास्त्रज्ञांच्या पाहणींत पेरूचा १५.८८ टक्के व टोमॅटोचा १२.४४ टक्के नाश दिसून आला. आणि दुधाचा केवळ ०.९२ टक्के!

या आंकड्यांपाशीं वाचकांनीं क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे. उन्हाळ्यांत न तापविलेलें दूध कांहीं तासांतच नासतें; टोमॅटो निदान चार दिवस तरी टिकतो. मग जो पदार्थ अधिक नाशवंत, त्याचाच नाश कमी व्हावा, हें कसें?

याचें उत्तर दुधांत नाहीं, दुधाच्या वाटेंत आहे. १९४६ सालीं गुजरातेंतील खेडा जिल्ह्यांत, आणंद येथें, दूध उत्पादकांनीं आपला सहकारी संघ स्थापिला. पुढें १९७० सालीं ‘दुग्धमहापूर’ योजना निघाली व ती पद्धति देशभर पसरली. गांवांत दोन वेळां दूध गोळा करणारी सोसायटी, तेथेंच स्निग्धांश तपासून दिलेला भाव, जवळच शीतकरण केंद्र, तेथून टाक्यांच्या गाड्या, व उरलेल्या दुधाची भुकटी करणारे कारखाने, अशी सलग सांखळी तयार झाली. तीस पैसा लागला. पण तो पैसा वाया गेला नाहीं, हें वरील आंकडाच सांगतो.

टोमॅटोची वाट मात्र जागोजाग तुटलेली आहे. भर उन्हांत तोडलेला माल उघड्या गाडींतून बाजारास जातो. तेथें तो लिलावापर्यंत तापत पडतो. प्लॅस्टिकच्या क्रेट आल्यापासून चेंगरणें कमी झालें, हें खरें. पण सांवली, प्रतवारी, व त्यास मानवेल अशी माफक थंडी अजून थोड्यांच ठिकाणीं मिळते. २०२३ सालीं मे महिन्यांत नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं तोडणीची मजुरीही सुटेना म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतले. आणि जुलैंत शहरांतून टोमॅटोचा भाव किलोस शंभर रुपयांवर गेला. ताजा टोमॅटो दोन महिने कोणतेंही शीतगृह टिकवूं शकणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु त्याचा रस व लगदा करून ठेवतां येतो, दूरच्या बाजारीं तो धाडतां येतो. त्यास कारखाना हवा, गाडी हवी, वीज हवी.

हें आपल्या हातून होणार नाहीं, असें कोणी म्हणूं नये. त्याच नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षें तोडल्यावर लागलींच गार करून शीतपेट्यांत भरतात, आणि तीं कित्येक आठवड्यांचा समुद्रप्रवास करून युरोपांत टवटवीत पोंचतात. जें परदेशच्या ताटासाठीं साधतें, तें आपल्या ताटासाठीं कां साधूं नये?

हें काम धनिकांचें आहे, असाही एक आक्षेप ऐकूं येतो. पण आणंदच्या संघांत ज्यांच्या दारीं एकदोन म्हशी, अशीच माणसें पुष्कळ होतीं. २०२० सालीं भारत सरकारनें गोदामें, शीतगृहें वगैरेंकरितां १ लक्ष कोटि रुपयांच्या कर्जाची योजना काढिली. तींत २ कोटि रुपयांपर्यंतच्या कर्जावर व्याजाची ३ टक्के सवलत ठेविली. मात्र सांखळी उत्पादकांच्या मालकीची असावी, व ती सबंध असावी. कारण शीतगृह बांधून गाडी उघडीच ठेवली, तर दोहोंचाही खर्च फुकट जातो.

प्रभु येशूनें पांच भाकरी व दोन मासळ्या यांवर पांच हजारांस जेवूं घातलें, ही कथा आपण प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकिली आहे. जेवण झाल्यावर, कांहीं वाया जाऊं नये म्हणून, त्यानें शिष्यांस उरलेले तुकडे वेंचावयास सांगितलें, व बारा टोपल्या भरल्या. तुकडे वेंचावे ही आज्ञा आपणां सर्वांस पाठ आहे. पण वेंचणाऱ्यांपाशीं त्या वेळीं टोपल्या होत्या, इकडे आपलें लक्ष जात नाहीं. टोपली नसती, तर आज्ञा पाळावयाची कशांत?

विद्यार्थ्यांनो, तुम्हांपैकीं कोणी उद्यां यंत्रशास्त्री व्हाल, कोणी बँकेंत बसाल, कोणी गांवच्या सोसायटीचे चिटणीस व्हाल, आणि पुष्कळजण वडिलांची शेती पाहाल. ताट स्वच्छ ठेवण्याची संवय आम्ही तुम्हांस लाविली आहे. ती सोडूं नका. पण तेवढ्यावर समाधान मानूं नका. पालकांसही आमचें सांगणें हेंच कीं, गांवांत शीतगृहाची वा माल सांठविण्याच्या सोसायटीची गोष्ट निघेल, त्या दिवशीं घरीं बसूं नये. सभेस जावें, हिशोब विचारावा, आणि तो पटल्यास आपला भाग घ्यावा. कष्टानें पिकविलेलें अन्न भुकेल्याच्या मुखीं पोंचविणें हा धर्माचाच भाग आहे, आणि तो धर्म टोपल्यांवांचून पाळतां येत नाहीं.