जमीन खाणीत गेली, पोरांनी नुसते टिप्परच चालवायचे का?

चंद्रपूर : दहावी-बारावीचे निकाल लागले की गावागावांत कॉम्प्युटर, नर्सिंग, डी.फार्म., पोलीस भरती यांची चर्चा सुरू होते. मायनिंगचं नाव मात्र ज्या गावांच्या शिवारात खाणी आहेत तिथंही क्वचितच निघतं. चंद्रपूर, वणी, उमरेड पट्ट्यात वेकोलिचा कोळसा आहे, राजुरा-कोरपन्यात सिमेंट कंपन्यांची चुनखडी, नागपूर-भंडाऱ्यात मॉयलचं मँगनीज आणि एटापल्लीत सुरजागडचं लोहखनिज. खाणी दारात आल्या, पण त्या चालवणारे साहेब अनेकदा बाहेरून येतात. गावातल्या पोरांच्या वाट्याला ड्रायव्हर, हेल्पर, नाहीतर सिक्युरिटी गार्डचं काम येतं.

एक सातबारा, एक नोकरी

कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी हा हिशेब आहे. ज्यांची जमीन कमी, ते तुकडे जोडून एकाचं नाव देतात. म्हणजे घरात तीन भाऊ असले तरी नोकरी एकालाच. तीही बहुतेकदा जनरल मजदूर म्हणून सुरू होते. दुसऱ्या पिढीसाठी ना जमीन उरते, ना नोकरी.

त्यातच माती काढण्याचं बरंचसं काम आता ओबी कंपन्या, म्हणजे ठेकेदार करतात. ठेका संपला की कामही संपतं. म्हणून जमिनीच्या बदल्यात नोकरी मागण्याच्या लढाईसोबत शिक्षणाची बाजूही बघावी लागेल.

खाण कोण चालवतो?

खाण हा असा धंदा आहे की इथं मालकाची मर्जी पुरत नाही. सक्षमतेचं सर्टिफिकेट असलेला मॅनेजर नसेल तर कायद्याने खाण चालवता येत नाही. हे सर्टिफिकेट धनबादला मुख्यालय असलेलं खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस, परीक्षा घेऊन देतं.

कोळसा खाणीत खालून वर सरदार, ओव्हरमन, सेकंड क्लास मॅनेजर आणि फर्स्ट क्लास मॅनेजर अशी उतरंड आहे. लोखंड, मँगनीज, चुनखडीच्या खाणीत सरदारच्या जागी मेट आणि ओव्हरमनच्या जागी फोरमन असतो. सर्व्हेअर आणि सुरुंग लावणाऱ्या ब्लास्टरचं सर्टिफिकेट वेगळं. कोळशाचं सर्टिफिकेट लोखंडाच्या खाणीत चालत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

या परीक्षा इतक्या कडक का, याचं उत्तर चासनाल्यात आहे. 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या या कोळसा खाणीत शेजारच्या जुन्या खाणीतलं साचलेलं पाणी घुसलं आणि सुमारे 375 कामगार गेले. जुनी खाण कुठपर्यंत आहे, मधे किती जाडीची भिंत सोडायची, छताला आधार कसा द्यायचा, हवा कशी खेळवायची, ओपनकास्टचा कठडा किती उताराचा ठेवायचा, हेच मायनिंग इंजिनीअरचं काम. त्याचा हिशेब चुकला तर किंमत खाली उतरलेला कामगार देतो.

रस्ते कोणते?

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात मायनिंग अँड माइन सर्व्हेइंगची शाखा आहे. डिप्लोमावाल्याला पुढे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

बारावी सायन्सला गणित असेल तर डिग्रीचा रस्ता आहे. राज्यातल्या महाविद्यालयांसाठी सीईटी, नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी जेईई मेन आणि धनबादच्या आयआयटीसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड. धनबादची संस्था 1926 पासून खाणकाम शिकवते. चंद्रपुरात राजीव गांधी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठानेही लॉयड्स मेटल्सच्या सहकार्याने मायनिंगचं शिक्षण सुरू केलं आहे.

डिग्री घेतलेल्यांसाठी कोल इंडियात मॅनेजमेंट ट्रेनीची भरती असते. अलीकडच्या वर्षांत ती गेटच्या गुणांवर झाली आहे. सुरुवातीची वेतनश्रेणी 50 हजार ते 1 लाख 60 हजार. डिप्लोमावाल्यांसाठी ओव्हरमन, सर्व्हेअर ही पदं. खासगी कंपन्या, सिमेंट उद्योग, यंत्रं आणि स्फोटकांच्या कंपन्या, खाणीचे आराखडे करणाऱ्या संस्था हेही पर्याय आहेत.

खाणीत आधीच कामाला असलेल्या पोरांनाही दार बंद नाही. दहावी पास आणि खाणीतला ठरावीक अनुभव असेल तर सरदार किंवा मेटच्या परीक्षेला बसता येतं. पण अनुभव कागदावर लागतो. ठेकेदाराने फॉर्म बी रजिस्टरमध्ये नावच चढवलं नाही, व्हीटीसीचं ट्रेनिंग आणि मेडिकल झालं नाही, तर पाच वर्षं राबूनही तो अनुभव सिद्ध करणं अवघड होऊन बसतं.

मुलींना जमतं का?

याचं उत्तर चंद्रपूरनेच दिलं आहे. देशातली पहिली महिला मायनिंग इंजिनीअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांना नव्वदच्या दशकात कोर्टाची पायरी चढावी लागली, तेव्हा कुठं चंद्रपुरात डिग्रीला प्रवेश मिळाला. पुढे त्या खाण संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ झाल्या.

2019 मध्ये केंद्राने नियम बदलले. सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेत महिलांना भूमिगत खाणीत तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामाची परवानगी मिळाली. 2021 मध्ये झारखंडच्या आकांक्षा कुमारी कोल इंडियाच्या भूमिगत खाणीत रुजू झालेल्या पहिल्या महिला मायनिंग इंजिनीअर ठरल्या. त्याही हजारीबागच्या कोळसा पट्ट्यातल्याच.

डोळे उघडे ठेवून

सगळंच गोड नाही. डिग्री म्हणजे नोकरीची हमी नव्हे. मोठ्या भरत्या दरवर्षी निघत नाहीत. ड्युटी शिफ्टमध्ये असते, धूळ आणि धोका असतो, बदली दूरच्या राज्यात होऊ शकते. डोळे आणि शरीराची तपासणी पास व्हावी लागते, म्हणून प्रवेशाआधीच डोळे दाखवून घेतलेले बरे. फी भरण्याआधी कॉलेजला एवढं विचारावं : शेवटच्या बॅचमधल्या किती जणांना एक वर्षाचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग मिळालं? हे ट्रेनिंग डीजीएमएसच्या परीक्षेसाठी अनुभवात धरलं जातं. ते नसेल तर डिग्री घरातच पडून राहते.

कोळसा किती दिवस, हा प्रश्नही रास्त आहे. 2024-25 मध्ये देशाचं कोळसा उत्पादन 100 कोटी टनांच्या पुढे गेलं, पण 2070 पर्यंत नेट झिरोचं उद्दिष्टही आहे. म्हणजे आज शिकणाऱ्याच्या हयातीत कोळसा घटेल. लोखंड, चुनखडी, तांबं, लिथियम यांची गरज मात्र राहील, आणि बंद खाणी सुरक्षित करायलाही माहितगार माणसं लागतील. त्यामुळे फक्त कोळशावर भिस्त ठेवणं धोक्याचं.

पैसा आहे, मागणी हवी

खाणपट्ट्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. लीजधारकांना रॉयल्टीच्या 10 ते 30 टक्के रक्कम त्यात भरावी लागते, आणि शिक्षण व कौशल्य विकास हे त्या निधीचे प्राधान्याचे विषय आहेत. ग्रामसभांचे ठराव बहुधा रस्ता, सभामंडप, बोअरवेल यांचे असतात. खाणग्रस्त गावांतल्या पोरापोरींची डिप्लोमाची फी, सरदार-मेट परीक्षेचे वर्ग, नागपुरात राहण्याचा खर्च या गोष्टींसाठीही ठराव होऊ शकतो. ग्रामसभेत तो विषय कुणी मांडायचा, एवढाच प्रश्न आहे.